फ्रान्झ काफ्का : घर तेच, देश दुसरा

मुलांनो, काफ्काचे नाव तुम्ही शाळेत ऐकले असेल. सकाळी जाग आली तेव्हा आपण किडा झालो आहोत असे ज्याच्या लक्षात येते, त्या माणसाची गोष्ट याचीच. तुमच्या आजी-आजोबांनी ती बहुधा वाचलेली नाही. मी स्वतः ती फार उशिरा वाचली, तीही हिब्रूत, हाताशी शब्दकोश घेऊन, आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही.

आज मात्र त्याच्या गोष्टींविषयी थोडेच सांगणार आहे. आपला वर्ग भाषेचा, म्हणून भाषेच्या बाजूने त्याचे आयुष्य सांगते. हा माणूस जवळजवळ सारा जन्म प्राग शहरात राहिला, आणि तिथेही एका मोठ्या चौकाच्या आसपासच. तरी तो जन्मला एका देशात आणि वारला तेव्हा नागरिक होता दुसऱ्याच देशाचा. त्याने घर बदलले नव्हते, सीमा बदलली होती. ती बदलल्यावर त्याच्या कचेरीत कोण राहिले आणि कोण घरी गेले, हे बघण्यासारखे आहे.

सुरुवात आजोबांपासून करू. काफ्काचे आजोबा याकोब दक्षिण बोहेमियातल्या ओसेक नावाच्या खेड्यात शोहेत होते. आपल्या कोकणातल्या गावांतून शोहेत असत, तसेच. त्या काळी बोहेमियात ज्यू कुटुंबांची संख्या वाढू नये म्हणून घरातल्या एकाच मुलाला लग्नाची परवानगी मिळे. १८४८ च्या क्रांतीनंतर हा कायदा गेला, तेव्हा कुठे याकोबचे लग्न झाले. खेडे सगळे चेक बोलणारे. पण राज्य व्हिएन्नाच्या बादशहाचे, आणि बादशहाची भाषा जर्मन. सम्राट दुसऱ्या जोसेफने अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंना हुकूम केला होता की हिशेबाच्या वह्या जर्मनमध्ये ठेवा, नावे जर्मन पद्धतीची घ्या, मुलांना जर्मन शाळेत घाला. त्यामुळे चेक खेड्यातला ज्यू मुलगा गल्लीत चेक बोले, शाळेत जर्मन शिके आणि प्रार्थना हिब्रूत म्हणे. याकोबचा मुलगा हेर्मान असाच वाढला. त्याच्या जिभेवर चेक जास्त होती. ‘काफ्का’ हे आडनावही चेकच आहे. कावळ्याच्या जातीतल्या एका लहान पक्ष्याला चेक भाषेत जवळजवळ असेच म्हणतात. पुढे हेर्मानने प्रागमध्ये दुकान काढले तेव्हा दुकानाची खूण म्हणून त्याने हाच पक्षी निवडला.

दुकान होते लेस, हातमोजे, छत्र्या, काठ्या असल्या शौकीन मालाचे. हेर्मानची बायको यूली पोद्येब्राडीच्या सुस्थितीतल्या जर्मन बोलणाऱ्या घरातली. त्यांचा पहिला मुलगा फ्रान्झ, जन्म ३ जुलै १८८३. त्याच्या मागचे दोन भाऊ लहानपणीच गेले, मग तीन बहिणी झाल्या. धाकटी ओट्ला त्याची फार लाडकी.

घरात आई जर्मन बोले. वडिलांची जर्मन खेड्याचा वास असलेली. स्वयंपाकीण चेक, दाई चेक, दुकानातले नोकर बहुतेक चेक. आई-बाप दिवसभर दुकानात, तेव्हा मूल कोणाच्या हाताखाली वाढले हे सांगायला नको. मुलगा जर्मन शाळेत गेला, आणि ऐच्छिक विषय म्हणून चेकही शिकला. घरी ऐकलेल्या भाषेला त्यामुळे थोडे व्याकरणाचे वळण मिळाले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रागमध्ये तेव्हा, म्हणजे १९०० च्या सुमारास, उपनगरे धरून साडेचार लाख माणसे होती. त्यांतली जर्मन बोलणारी सुमारे चौतीस हजार, आणि त्यांत ज्यू पुष्कळ. शेकडा दहासुद्धा नाहीत. पण त्यांची स्वतःची नाटकगृहे, स्वतःची दैनिके आणि स्वतःचे विद्यापीठ होते. प्रागचे जुने विद्यापीठ १८८२ मध्ये भाषेवरून दुभंगले होते, एक चेक आणि एक जर्मन. एवढ्या थोड्या लोकांचा एवढा रुबाब कशावर चालला होता? संख्येवर नव्हे. मागे व्हिएन्ना होती म्हणून. बादशाही सीमेच्या आत जर्मन ही सरकारची, सैन्याची आणि मोठ्या व्यापाराची भाषा होती. प्रागच्या गल्लीत जर्मन थोडे असले, तरी साम्राज्य मोजले की ते मोठे व्हायचे.

चेक लोकांना हे सलत होते, आणि ते चूक नव्हते. १८९७ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान बाडेनी यांनी हुकूम काढला की बोहेमियातल्या सरकारी अधिकाऱ्यांना ठराविक मुदतीत दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. कागदावर किती समान दिसते! पण चेक शिकलेल्या माणसाला जर्मन येतच असे, आणि जर्मन माणसाने चेक शिकण्याची तसदी क्वचितच घेतलेली. म्हणजे नोकऱ्या कोणाच्या जाणार, हे उघड होते. जर्मनांनी व्हिएन्नाच्या पार्लमेंटात आणि रस्त्यांवर एवढा गोंधळ घातला की नोव्हेंबरअखेर बाडेनींना जावे लागले. मग प्रागमध्ये चेक जमाव खवळला. आधी जर्मन संस्थांच्या खिडक्या फुटल्या, मग मोर्चा ज्यूंच्या दुकानांकडे वळला. जर्मनांना ज्यू परके, चेकांना ज्यू जर्मन. लष्करी कायदा पुकारावा लागला. हेर्मान काफ्काचे दुकान मात्र वाचले. तो आपल्यातलाच आहे म्हणून जमावाने ते सोडले, असे सांगतात. फ्रान्झ तेव्हा चौदा वर्षांचा होता.

दर दहा वर्षांनी शिरगणती होई आणि त्यात रोजच्या वापराची भाषा कोणती, हे विचारत. उत्तरांच्या यादीत ज्यूंची यिद्दिश नव्हतीच. चेक म्हणा, नाहीतर जर्मन म्हणा. एकाच इमारतीतली, एकाच प्रकारे बोलणारी दोन कुटुंबे निरनिराळे उत्तर देत, कारण प्रश्न भाषेचा असला तरी उत्तर पक्षाचे असे.

फ्रान्झ कायदा शिकला आणि १९०६ मध्ये जर्मन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. एक वर्ष कोर्टात उमेदवारी केली, पाऊण वर्ष एका इटालियन विमा कंपनीत काढले आणि १९०८ च्या जुलैअखेर बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत लागला. अर्जात त्याने जर्मन आणि चेक दोन्ही बोलता-लिहिता येतात असे नमूद केले होते. संस्था निमसरकारी, तिथे ज्यू जवळजवळ नव्हतेच. कामाची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन. दुपारी झोपायचे, संध्याकाळी फिरायचे, आणि घर निजले की लिहायला बसायचे, असा त्याचा क्रम.

लोकांना वाटते काफ्का म्हणजे कुढत बसलेला कारकून. तसे नव्हते. कोणता कारखाना किती धोक्याचा, त्याने किती हप्ता भरायचा, हे ठरवणे त्याचे काम. कारखानदार हप्ता चुकवायला बघत आणि हा कागदपत्रांतून त्यांना पकडे. उत्तर बोहेमियातल्या गिरण्यांतून आणि कारखान्यांतून हिंडे. लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर त्याने चित्रांसहित एक अहवाल लिहिला आहे. जुन्या यंत्रांचा दांडा चौकोनी असे, त्याच्या फटीत सुताराचे बोट सापडून कापले जाई. गोल दांडा बसवला तर बोट वाचते, आणि खर्चही फारसा नाही, हे त्याने पटवून दिले. माझे वडील गोदीत कामाला होते, त्यांची दोन पेरे अशाच एका यंत्रात गेली होती. त्यामुळे मला काफ्काच्या साऱ्या लिखाणात हा अहवाल सर्वांत जवळचा वाटतो. साहित्याचे जाणकार मला हसतील, हसू देत.

लिखाण मात्र जर्मनमध्येच. १९१२ चा योम किपूर उलटला आणि लगेच, २२ सप्टेंबरच्या रात्री बसून, सकाळपर्यंत त्याने एक कथा एका बैठकीत पुरी केली. किड्याची गोष्ट त्याच हिवाळ्यातली, छापली गेली १९१५ मध्ये. त्याआधीच्या हिवाळ्यात पूर्वेकडून आलेली एक यिद्दिश नाटकमंडळी प्रागच्या एका साध्या कॅफेत खेळ करत होती. काफ्का वारंवार तिथे जाऊन बसे. फेब्रुवारी १९१२ मध्ये ज्यू टाऊन हॉलमध्ये त्याने त्या नटांसाठी यिद्दिश भाषेवर व्याख्यानही दिले. समोर बसलेले प्रागचे प्रतिष्ठित ज्यू यिद्दिशला नाक मुरडणारे. आपल्या आजीची भाषा पाहुण्यांसमोर निघाली की काहींना कसे होते, ते या वर्गात समजावून सांगायला नको.

त्याच दिवसांत त्याने रोजनिशीत एक गोष्ट टिपली. आईला जर्मन भाषेत जो शब्द आहे, तो ज्यू आईला नीट बसत नाही, त्या शब्दामुळे ती थोडी परकी होऊन जाते, असे त्याला वाटे. सबंध आयुष्य ज्या भाषेत लिहिले, तिच्यातल्या पहिल्याच शब्दाविषयी ही तक्रार! माझी नातवंडे मला सावता म्हणतात. हाक तीच, प्रेमही तेच, पण आजी म्हटल्यावर जी बाई मान वळवते, ती सावता म्हटल्यावर क्षणभर थांबते. तेव्हा मला काफ्काचे म्हणणे पटते.

लग्न ठरले, मोडले, पुन्हा ठरले, पुन्हा मोडले. १९१४ मध्ये महायुद्ध आले. संस्थेला त्याची गरज म्हणून त्याला सैन्यात नेले नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये एका रात्री तोंडातून रक्त आले. क्षय. तो ओट्लाकडे खेड्यात जाऊन राहिला. हिब्रू शिकायला त्याने याच वर्षी सुरुवात केली, आणि तीही कोणाला न सांगता. त्याचा जिवलग मित्र माक्स ब्रोड याला एके दिवशी कळले की हा पाठ्यपुस्तकाचे पंचेचाळीस धडे पुरे करून बसला आहे.

आता १९१८. वर्गातले दोन नकाशे काढा, १९१४ चा आणि १९२० चा. पहिल्यात प्राग एका भल्यामोठ्या साम्राज्याच्या पोटात आहे. दुसऱ्यात ते चेकोस्लोव्हाकिया नावाच्या लांबट देशाची राजधानी आहे, आणि व्हिएन्ना परदेशात गेली आहे.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये नवे प्रजासत्ताक जाहीर झाले. लोक रस्त्यावर आले, सरकारी इमारतींवरचे दोन डोक्यांचे गरुड उतरवू लागले. काफ्का तेव्हा आई-वडिलांच्या घरी अंथरुणात होता. त्या वर्षीच्या जीवघेण्या इन्फ्लुएंझाने त्याला गाठले होते, आणि आधीच खराब असलेल्या फुप्फुसांनी त्याला ताप शंभराच्या पुष्कळ वर नेला होता. घर जुन्या चौकावरचे. ३ नोव्हेंबरला त्याच चौकात मधोमध उभा असलेला मरियेचा उंच खांब जमावाने दोर लावून पाडला, कारण लोकांच्या लेखी तो जुन्या राजघराण्याचा खांब होता. काफ्का आजारी पडला तेव्हा बादशहाची प्रजा होता, आणि उठून कामावर गेला तेव्हा प्रजासत्ताकाचा नागरिक.

कचेरी तीच, खुर्ची तीच, पण भाषा दुसरी. संस्थेचा कारभार चेक झाला. संचालक रॉबर्ट मार्श्नर हे काफ्काचे वरिष्ठ आणि स्नेही, जर्मन होते. त्यांना १९१९ मध्ये जावे लागले. काफ्काचे जवळचे जर्मन वरिष्ठही गेले. नवे संचालक चेक, नवे खातेप्रमुख चेक, टिपणे चेक, शिक्के चेक. वीस-वीस वर्षे काम केलेल्या माणसांना एकाएकी आपल्याच टेबलावरचा कागद वाचता येईना. कालपर्यंत चेक न येणे हा मोठेपणा होता, आज तो नाकर्तेपणा ठरला. ही माणसे वाईट नव्हती. आपल्या भाषेखालची जमीन कधी सरकेल, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

काफ्का राहिला. कोणाच्या राजकारणात तो नव्हता, हाताखालच्यांशी आणि झाडूवालीशीही अदबीने वागे, काम चोख. पण या सगळ्याआधी, त्याला चेक येत होती. स्वयंपाकघरातली आणि दुकानातली चेक त्याची नोकरी वाचवायला आली. १९२० मध्ये त्याला बढती मिळाली, १९२२ मध्ये पुन्हा मिळाली.

तरी एक अडचण उरलीच. घरी बोलायची भाषा एक आणि साहेबाला अर्ज लिहायची भाषा दुसरी. तुमच्यातली पुष्कळ मुले आजीशी फर्डे मराठी बोलतात, पण रजेचा अर्ज मराठीत लिहा म्हटले की पेन चावत बसतात. काफ्काचे तसेच झाले. आजारपणाची रजा वाढवून मागायला त्याला संचालकांना वारंवार पत्रे लिहावी लागत, आणि आता ती चेकमध्ये. ओट्लाने १९२० च्या जुलैमध्ये योसेफ डाविड याच्याशी लग्न केले होते. नाव ऐकून आपल्यातला वाटेल, पण तो चेक कॅथलिक. घरातल्यांना हे लग्न पसंत नव्हते, फ्रान्झ मात्र बहिणीच्या बाजूने उभा राहिला. तोच मेव्हणा आता त्याची सरकारी पत्रे तपासून, कधी संबंध उतरवून, शुद्ध चेकमध्ये करून देई. जर्मन गद्याचा एवढा मोठा लेखक, आणि रजेच्या अर्जासाठी मेव्हण्याचा आधार घेतो. त्यात त्याला लाज वाटत नसे. उलट मेव्हण्याच्या चेकचे तो घरच्या पत्रांतून कौतुक करी.

देशाच्या पातळीवर हेच मोठ्या आकड्यांत चालले होते. नव्या सीमेच्या आत तीस लाखांहून अधिक जर्मन आले, १९२१ च्या शिरगणतीत शेकडा तेवीसच्या आसपास. स्लोव्हाकांपेक्षाही जास्त. चेक आणि स्लोव्हाक वेगळे मोजले असते तर चेक निम्म्याच्या काठावर आले असते. म्हणून कायद्याने ‘चेकोस्लोव्हाक’ अशी एकच भाषा धरली, आणि बहुमत जवळजवळ दोन तृतीयांशांवर गेले. २९ फेब्रुवारी १९२० च्या भाषा कायद्यात असे होते की ज्या न्यायालयीन जिल्ह्यात अल्पसंख्य भाषेचे लोक निदान शेकडा वीस आहेत, तिथे त्यांना सरकारदरबारी आपली भाषा वापरता येईल. सीमेलगतच्या जर्मन भागांना याचा फायदा झाला. प्रागमधले जर्मन वीसच्या कितीतरी खाली होते, त्यांची भाषा कचेऱ्यांतून बाहेर पडली. पूर्वी साम्राज्य मोजायचे म्हणून ते पुष्कळ होते, आता जिल्हा मोजायचा म्हणून ते थोडे झाले. माणसे तेवढीच होती.

ज्यूंसाठी नव्या देशाने एक नवी गोष्ट केली. बोली कोणतीही असो, १९२१ च्या शिरगणतीत राष्ट्रीयत्व ज्यू म्हणून लिहिण्याची मोकळीक दिली. यात सद्भावना होती, आणि हिशेबही होता. जो ज्यू आधी जर्मन म्हणून मोजला जाई तो ज्यू म्हणून मोजला, की जर्मनांचा आकडा तेवढाच उतरतो. देशभरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक ज्यूंनी ज्यू असे लिहिले.

आपल्या ज्येष्ठांना हे वाचताना कराची आठवेल. मुंबई इलाख्यातले ते शहर, आपली बेने इस्रायल मंडळी तिथे नोकरीधंद्यासाठी गेली, १८९३ मध्ये मागेन शालोम सिनॅगॉग उभे राहिले, घराघरांत मराठी. १९३६ मध्ये सिंध मुंबईपासून वेगळा झाला आणि १९४७ मध्ये ते शहर दुसऱ्या देशात गेले. पुढच्या वर्षांत आपली माणसे हळूहळू तिथून निघाली, कोणी मुंबईला, कोणी इथे. कराचीत जन्मलेल्या एक शेजारीणबाई मला सांगत की आम्ही कुठे गेलोच नव्हतो, मुंबईच आमच्यापासून लांब गेली. प्रागचे जर्मन व्हिएन्नाविषयी दुसरे काय म्हणत असतील?

१९२० च्या नोव्हेंबरात प्रागमध्ये पुन्हा दंगे झाले. चेक जमावाने जर्मनांचे जुने नाटकगृह ताब्यात घेतले आणि मग ज्यू टाऊन हॉल फोडला, तिथली जुनी हस्तलिखिते फाडली, जाळली. नकाशा बदलला तरी दंग्याचा रस्ता तेवीस वर्षांपूर्वीचाच होता, जर्मनांपासून निघून ज्यूंपाशी येणारा. याच टाऊन हॉलमध्ये त्या वर्षी पूर्वेकडून पळून आलेली ज्यू कुटुंबे अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत राहिली होती. काफ्काने त्यांना बघून लिहिले की निवड करता आली असती तर आपण त्यांच्यातले एखादे लहान पोर होणे पसंत केले असते. मागे घर नाही, पुढे अमेरिका आहे, आणि काळजी मोठ्यांची.

हे त्याने लिहिले मिलेना येसेन्स्का हिला. मिलेना प्रागची चेक, व्हिएन्नात राहणारी. एप्रिल १९२० मध्ये तिने त्याची एक कथा चेक साप्ताहिकात भाषांतरित केली, आणि काफ्काचे लिखाण परक्या भाषेत गेले ते प्रथम तिच्या हातून. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा त्याने तिला विनवले की तू चेकमध्येच लिही. तो उत्तर देई जर्मनमध्ये. आपण जर्मन लोकांत कधी राहिलो नाही, जर्मन आपली मातृभाषा म्हणून सहज येते, पण चेक अधिक जिव्हाळ्याची वाटते, असे त्याने तिला कळवले. रस्त्यावर ज्या दोन भाषा एकमेकींच्या काचा फोडत होत्या, त्या या दोघांच्या लिफाफ्यांतून शेजारी-शेजारी नांदत होत्या. ते प्रेमही पुढे तुटले.

१ जुलै १९२२ रोजी त्याला पेन्शनीत काढले. प्रकृती फारच ढासळली होती. आता हिब्रू जोरात सुरू झाली. त्याच्या शाळेतला सोबती ह्यूगो बर्गमन १९२० मध्येच यरुशलायिमला जाऊन तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख झाला होता. त्याच्या ओळखीतून पुआ बेन-तोविम नावाची विशीच्या आतबाहेरची मुलगी प्रागला शिकायला आली. ती यरुशलायिममध्ये जन्मलेली, हिब्रू तिला पुस्तकातून नव्हे, घराच्या ओट्यावरून आलेली. ती काफ्काची शिक्षिका झाली. ज्या युद्धाने प्रागमध्ये जर्मनला खाली उतरवले, त्याच युद्धाने इथून तुर्कांना घालवले, ब्रिटिश आले, आणि १९२२ च्या मॅन्डेटमध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रू अधिकृत भाषा झाली. एकीकडे नकाशाने भाषा बुडवली, दुसरीकडे तरंगवली, आणि चाळिशीच्या दारातला क्षयाचा रोगी एका पोरीसमोर वही घेऊन बसला. खोकल्याची उबळ आली तरी तो तास थांबवू देत नसे. ब्रेनरची एक कठीण हिब्रू कादंबरी त्याने शब्द शोधत शोधत वाचायला घेतली. पुआला त्याने हिब्रूत पत्र लिहिले, ते आजही आहे.

१९२३ च्या सप्टेंबरात तो बर्लिनला गेला आणि डोरा दियामान्त हिच्याबरोबर राहू लागला. डोरा पोलंडच्या धार्मिक घरातली, तिला हिब्रू आणि यिद्दिश दोन्ही उत्तम येत. दोघे मिळून तेल अवीवला जायचे आणि खाणावळ काढायची, डोरा रांधणार आणि काफ्का वाढणार, असे बेत ते करत. दोघांनाही ठाऊक होते की हे होणार नाही. घशापर्यंत क्षय पोचला, आवाज गेला, गिळता येईना. शेवटी तो चिठ्ठ्या लिहून बोले. ३ जून १९२४ रोजी व्हिएन्नाजवळच्या किर्लिंग गावी तो वारला. चाळीस वर्षांचा होता. शव प्रागला आणायचे तर आता राष्ट्रीय सीमा ओलांडावी लागत होती. ११ जूनला ज्यू दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. दगडावर हिब्रू लेख आहे आणि त्यात त्याचे हिब्रू नाव आहे, आन्शेल.

आपले सारे कागद जाळून टाक असे त्याने ब्रोडला बजावले होते. ब्रोडने ऐकले नाही आणि कादंबऱ्या एकामागून एक छापल्या. १९३८ मध्ये म्युनिकच्या कराराने सीमा पुन्हा हलली. जर्मन भाषिकांचा प्रदेश आमचा, हेच हिटलरचे मागणे होते. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. आदल्या रात्रीच्या गाडीने ब्रोड काफ्काच्या हस्तलिखितांची बॅग घेऊन निघाला आणि इथे पोचला. काफ्काच्या तिन्ही बहिणी मागे राहिल्या. एली आणि वाली यांना १९४१ मध्ये वूच शहरातल्या गेट्टोत नेले, तिथून त्या परत आल्या नाहीत. ओट्लाचा चेक नवऱ्यापासून घटस्फोट झाला होता, त्यामुळे त्या लग्नाचे कवचही गेले होते. १९४३ च्या ऑक्टोबरात तेरेझिनमधून पोरक्या मुलांच्या एका तुकडीला सोबत करायला ती आपण होऊन पुढे झाली. ती गाडी ऑशविट्झला गेली.

युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर काढले. छावण्यांतून जिवंत परतलेल्या काही ज्यूंनाही, त्यांनी पूर्वी शिरगणतीत जर्मन असे लिहिले होते म्हणून, जर्मन ठरवून छळले गेले. काफ्काने ज्या जर्मनमध्ये लिहिले, ती बोलणारे प्राग उरले नाही.

ब्रोडकडचे कागद कोणाचे, यावर इथल्या कोर्टांत वर्षानुवर्षे खटला चालला. जर्मनीतल्या एका वाङ्मयसंग्रहालयालाही ते हवे होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राष्ट्रीय ग्रंथालयाला दिले, म्हणजे एकेकाळी ह्यूगो बर्गमन ज्याचा प्रमुख होता त्याच ग्रंथालयाला. काफ्काची हिब्रू शब्दांची एक वही त्याच ग्रंथालयात आहे. एका बाजूला त्याच्या हाताने लिहिलेले हिब्रू शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन अर्थ. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आपला वर्ग यरुशलायिमला जाईल तेव्हा ती बघायला मिळते का, हे मी विचारून ठेवणार आहे. येताना आपापल्या मराठी शब्दांच्या वह्याही आणा.